१ सप्टेंबर २००२ : ब्रिटनच्या ‘चाइल्ड ट्रस्ट फंड’चा इतिहास आणि माझ्या सिनॉप्सिसमधली चूक



पीएचडीची तयारी करणारे ज्युनिअर्स मला एक प्रश्न हमखास विचारतात. “विषय ठरला, डेटा कुठे मिळेल तेही कळलं. मग त्या विषयाचा इतिहास वाचण्यात सहा महिने कशाला घालवायचे?” प्रश्न चुकीचा नाही. मी स्वतः एम.एस्सी. संख्याशास्त्र करून या क्षेत्रात आले, आणि मलाही अगदी असंच वाटायचं. इतिहास म्हणजे प्रबंधातलं दुसरं प्रकरण, जे आपण सगळ्यात शेवटी घाईघाईत लिहितो आणि परीक्षक चाळून पुढे जातात.

माझा हा समज एका तारखेने मोडला. ती तारीख म्हणजे १ सप्टेंबर २००२.

माझा विषय आहे जन्मतारखेवर पात्रता ठरणाऱ्या सरकारी योजना. त्यासाठी मी ब्रिटनची ‘चाइल्ड ट्रस्ट फंड’ ही योजना निवडली होती. १ सप्टेंबर २००२ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाला सरकारकडून पैसे आणि करमुक्त गुंतवणूक खातं. ३१ ऑगस्टला जन्मलेल्या मुलाला काही नाही. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा सुंदर काय हवं? एका दिवसाच्या अंतराने जन्मलेली मुलं सगळ्या बाबतीत सारखीच असणार, फरक फक्त खात्याचा. त्यांची १८ वर्षांनंतर तुलना केली की खात्याचा परिणाम हातात आला. सिनॉप्सिसमध्ये मी तसंच लिहिलं.

सादरीकरणात समितीतल्या एका ज्येष्ठ मॅडमनी शांतपणे विचारलं, “मला सांग, इंग्लंडमध्ये १ सप्टेंबरला आणखी काय सुरू होतं?”

मला उत्तर आलं नाही. ते उत्तर काय होतं हे सांगण्याआधी योजनेचा इतिहास बघू, कारण नंतर मीही तोच क्रम घेतला.

कल्पना कुठून आली?

सज्ञान होताना प्रत्येकाच्या हातात थोडं भांडवल असावं ही कल्पना जुनी आहे. थॉमस पेन याने १७९७ मध्ये ‘अ‍ॅग्रेरियन जस्टिस’ या पुस्तिकेत सुचवलं होतं की वारशाने जाणाऱ्या मालमत्तेवर कर बसवावा आणि त्यातून प्रत्येकाला २१ व्या वर्षी १५ पौंड द्यावेत. त्याच्या मते ही मदत नव्हती. जमीन मुळात सगळ्यांची होती, ती काहींच्या मालकीची झाली, म्हणून उरलेल्यांना दिलेली ही भरपाई होती.

आधुनिक रूपात ही कल्पना मांडली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मायकेल शेराडन यांनी, १९९१ च्या ‘अ‍ॅसेट्स अँड द पुअर’ या पुस्तकात. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : गरिबांसाठीच्या योजना फक्त महिन्याचं उत्पन्न बघतात. मध्यमवर्गाला मात्र सरकार घर आणि निवृत्तिवेतन यांवर करसवलत देऊन मालमत्ता उभी करायला मदत करतं. गरिबाने चार पैसे साठवले तर उलट त्याची मदत बंद होऊ शकते. म्हणून प्रत्येकाला खातं द्या, शक्यतो जन्मापासून, आणि गरिबाच्या खात्यात सरकारने भर घाला.

हा विचार २००० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर पब्लिक पॉलिसी रिसर्च’ या विचारगटाने उचलला. टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाने तो २००१ च्या निवडणुकीत पुढे केला, अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी २००३ च्या अर्थसंकल्पात त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि २००४ मध्ये कायदा झाला. प्रत्यक्ष खाती ६ एप्रिल २००५ पासून सुरू झाली, पण पात्रता मागे नेऊन १ सप्टेंबर २००२ पासून धरली.

योजना चालायची कशी?

मूल जन्मलं, पालकांनी बालभत्त्यासाठी अर्ज केला, की २५० पौंडांचं व्हाउचर घरी यायचं. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला एकूण ५०० पौंड. पालकांनी ते व्हाउचर घेऊन बँकेत किंवा गुंतवणूक कंपनीकडे मुलाच्या नावाने खातं उघडायचं. वर्षाला १,२०० पौंडांपर्यंत घरच्यांना, मित्रांना भर घालता यायची. वाढीवर कर नाही. १६ व्या वर्षी मुलाला खात्याचा कारभार हातात घेता येतो, १८ व्या वर्षी पैसे काढता येतात, आणि त्याआधी अगदी मोजके अपवाद सोडले तर पैशाला कुणी हात लावू शकत नाही. सातव्या वाढदिवसाला सरकार पुन्हा २५० किंवा ५०० पौंड घालणार होतं.

आता एक बारीक कलम, ज्याच्यावर पुढची सगळी गोष्ट उभी आहे. पालकांनी एक वर्षात व्हाउचर वापरलं नाही, तर महसूल खातं, म्हणजे एचएमआरसी, स्वतःच मुलाच्या नावाने खातं उघडायचं. त्यासाठी कंपन्यांची यादी असायची आणि पाळीपाळीने खाती वाटली जायची. हे खातं शेअर बाजाराशी जोडलेलं असायचं, त्यावर वर्षाला जास्तीत जास्त दीड टक्का शुल्क, आणि मूल १३ वर्षांचं झालं की पैसे हळूहळू कमी जोखमीकडे वळवायचे असा नियम. हेतू चांगला होता. पालक विसरले, आळस केला किंवा कागद कळला नाही म्हणून मुलाचं नुकसान होऊ नये.

एकूण सुमारे ६३ लाख खाती उघडली गेली. त्यांतली चारात एकापेक्षा थोडी जास्तच अशी सरकारने परस्पर उघडलेली होती.

अठरा वर्षांचा प्रयोग, सहा वर्षांत बंद

मे २०१० मध्ये निवडणूक झाली आणि हुजूर पक्ष व लिबरल डेमोक्रॅट यांचं आघाडी सरकार आलं. आर्थिक मंदीनंतरचा काळ, तिजोरीत खड्डा. लिबरल डेमोक्रॅट पक्षाने ही योजना बंद करण्याचं आधीच जाहीर केलं होतं. हुजूर पक्षाला ती फक्त गरीब आणि अपंग मुलांपुरती ठेवायची होती. सत्तेवर आल्यावर पहिल्याच महिन्यात निर्णय झाला. १ ऑगस्ट २०१० पासून २५० चे ५० पौंड झाले, गरीब कुटुंबांसाठी ५०० चे १००, आणि सातव्या वर्षाची भर पूर्ण बंद. २ जानेवारी २०११ नंतर जन्मलेल्या मुलांना काहीच नाही.

लक्षात घ्या, तोवर सगळ्यात मोठं मूल आठ वर्षांचं होतं. खात्याचा उपयोग होतो की नाही हे मूल १८ वर्षांचं झाल्यावर कळणार, म्हणजे सप्टेंबर २०२० नंतर. योजना फसली असं कुणी सिद्ध केलं नव्हतं आणि यशस्वी झाली असंही नाही. तसं सिद्ध करायला लागणारा पुरावा अजून जन्मालाच आलेला नव्हता. खर्च मात्र दर वर्षी दिसत होता.

तिच्या जागी १ नोव्हेंबर २०११ ला ‘ज्युनिअर आयसा’ आलं. हेही मुलाच्या नावाचं करमुक्त खातं, १८ व्या वर्षी खुलणारं. फरक एवढाच की सरकार त्यात एक पेनीही घालत नाही. सवलत आहे, पण ती ज्याच्याकडे बाजूला टाकायला पैसे आहेत त्याच्याच कामाची. २०२० पासून यात वर्षाला ९,००० पौंड भरता येतात. शेराडन यांनी ज्यावर बोट ठेवलं होतं, तिथेच गाडी परत आली. आपल्याकडचं सुकन्या समृद्धी खातं २०१५ पासून आहे. त्यातही सरकार चांगलं व्याज आणि करसवलत देतं, पण पहिला हप्ता कुटुंबालाच भरावा लागतो. त्यामुळे दोन योजनांची तुलना करताना ‘मुलांसाठी खातं’ एवढं नाव सारखं असून भागत नाही. पैसे कोण घालतं ते आधी बघायचं.

माझी चूक

आता मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर. इंग्लंडमध्ये १ सप्टेंबरला शाळेचं वर्ष सुरू होतं, आणि शाळाप्रवेशाची जन्मतारखेची सीमाही तीच आहे. ३१ ऑगस्टला जन्मलेलं मूल आपल्या वर्गातलं सगळ्यात लहान. १ सप्टेंबरला जन्मलेलं मूल पुढच्या वर्गात जातं आणि तिथे सगळ्यात मोठं ठरतं. एका दिवसाचं अंतर, पण शाळेत जवळजवळ एका वर्षाचं.

याचा परिणाम किरकोळ नाही. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ने यावर बरंच काम केलं आहे. ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं परीक्षांत सरासरीने मागे पडतात आणि विद्यापीठात जाण्याचं त्यांचं प्रमाणही थोडं कमी असतं.

आणि मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये मोजणार काय होते? विद्यापीठ प्रवेश! म्हणजे सप्टेंबरच्या मुलांचा आकडा वर येणारच होता, खातं असो वा नसो. मी तो आकडा बघून “चाइल्ड ट्रस्ट फंडामुळे उच्च शिक्षण वाढलं” असा निष्कर्ष काढला असता. गणित बरोबर, स्टँडर्ड एरर बरोबर, आणि निष्कर्ष साफ चुकीचा. डेटा कितीही मोठा असता तरी चूक कमी झाली नसती.

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. आपल्याकडे आजोबा-आजींच्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर १ जूनला जन्मलेल्यांची किती गर्दी असते ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. माझ्या आजोबांचीही तीच तारीख. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी नाव घालताना तीच तारीख लिहून टाकायचे. तारीख ही कुणीतरी, कुठल्यातरी सोयीसाठी ठरवलेली असते हे घरात माहीत असूनही मी साहेबाच्या देशातली तारीख निसर्गाने दिलेली समजले.

मग मी योजनेच्या प्रत्येक तारखेमागे काय आहे ते शोधत बसले. त्यातून तीन पर्याय निघाले.

पहिला, स्कॉटलंड. तिथे शाळाप्रवेशाची सीमा फेब्रुवारी-अखेर आहे, त्यामुळे १ सप्टेंबरला वर्ग बदलत नाही. योजना मात्र तीच. अडचण अशी की लोकसंख्या कमी, त्यामुळे सीमेजवळची मुलं थोडी. शिवाय सप्टेंबर २००२ च्या आधी जन्मलेल्या मुलांना २०११ नंतर ज्युनिअर आयसा उघडता येत होतं, ट्रस्ट फंडवाल्या मुलांना एप्रिल २०१५ पर्यंत तशी मुभा नव्हती. म्हणजे तुलनेचा गटही कोरा राहिलेला नाही.

दुसरा, योजनेचा शेवट, जानेवारी २०११. ही तारीख शालेय वर्षाच्या मधोमध येते, म्हणून स्वच्छ. पण तोवर रक्कम ५० पौंडांवर आली होती, आणि ही मुलं १८ वर्षांची होणार २०२९ मध्ये.

तिसरा मला सगळ्यात आवडला. सातव्या वर्षाची भर सप्टेंबर २००९ पासून मिळू लागली आणि १ ऑगस्ट २०१० ला थांबली. म्हणजे ३१ जुलै २००३ ला जन्मलेल्या मुलाला दुसऱ्यांदा पैसे मिळाले, १ ऑगस्ट २००३ ला जन्मलेल्याला नाही. दोघं एकाच वर्गात. दोघांकडे खातं आहे. निर्णय मे २०१० मध्ये अचानक झाला, तेव्हा मुलं जन्मून सात वर्षं होत आली होती, त्यामुळे पालकांनी जन्मतारीख पुढेमागे करण्याचा प्रश्नच नाही. सीमा इतकी स्वच्छ क्वचित मिळते. पण इथे विचारता येणारा प्रश्न लहान होतो : रक्कम २५० पौंडांनी वाढली तर फरक पडतो का? खातं असण्या-नसण्याचा परिणाम यातून कळत नाही.

थोडक्यात, मोठ्या प्रश्नाची सीमा मळलेली आणि स्वच्छ सीमेचा प्रश्न छोटा. हे कळायला सॉफ्टवेअर लागलं नाही. कायदे, अर्थसंकल्प आणि शाळाप्रवेशाचे नियम वाचावे लागले.

प्रत्यक्ष प्रयोग कसा दिसतो?

तुलनेसाठी ओक्लाहोमाचं उदाहरण बघा. अमेरिकेतल्या या राज्यात २००७ मध्ये जन्मलेल्या बाळांतून साधारण २,७०० कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एका गटातल्या बाळाच्या नावाने शिक्षणाच्या खात्यात १,००० डॉलर आपोआप जमा. दुसऱ्या गटाला काही नाही. ‘सीड ओके’ नावाच्या या प्रयोगामागे शेराडन यांचीच संस्था होती.

मुलं चार वर्षांची होईपर्यंत कुणी खात्यातला एक डॉलरही वापरलेला नव्हता. तरीही खातं असलेल्या गटात आयांची नैराश्याची लक्षणं कमी आढळली आणि मुलांचा सामाजिक-भावनिक विकास थोडा बरा आढळला. दुसरा निष्कर्ष २०१४ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये आला. परिणाम गरीब घरांत जास्त स्पष्ट होता. म्हणजे खात्याचा पहिला परिणाम पैशातून आला नाही, खातं आहे हे आईला माहीत असण्यातून आला.

हे वाक्य मनात धरून पुन्हा ब्रिटनला येऊ.

हरवलेली खाती

सप्टेंबर २०२० मध्ये पहिली मुलं १८ वर्षांची झाली, तीही कोविडच्या काळात. पैसे घ्यायला बरीचशी आलीच नाहीत. २०२३ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आणि संसदेच्या लोकलेखा समितीने यावर अहवाल दिले. २०२४ मध्ये एचएमआरसीने स्वतः जाहीर केलं की १८ ते २२ वयोगटातल्या सुमारे ६ लाख ७० हजार तरुणांनी पैसे नेलेले नाहीत, आणि एका खात्यात सरासरी २,२०० पौंड आहेत.

कुणाचे पैसे हे? आठवा ते बारीक कलम. ज्यांच्या पालकांनी व्हाउचर वापरलं नाही, त्यांचं खातं सरकारने परस्पर उघडलं. कुठल्या कंपनीत, ते एका पत्राने कळवलं. पुढच्या १५ वर्षांत घर बदललं, आईवडील वेगळे झाले, पत्र हरवलं. मुलाला खातं असल्याचंच माहीत नाही. आणखी एक गट आहे. ज्या मुलांना बौद्धिक अपंगत्वामुळे १८ व्या वर्षी स्वतः आर्थिक व्यवहार करता येत नाहीत, त्यांच्या पालकांना मुलाच्याच पैशांसाठी न्यायालयाची परवानगी काढावी लागते. खातं सुरू करताना त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे योजना ज्यांच्यासाठी खास केली, ज्यांना दुप्पट पैसे दिले, त्यांतल्याच अनेकांपर्यंत ते पोचले नाहीत. सरकारी तक्त्यात मात्र त्यांच्यापुढे ‘खातं उघडलं’ अशीच नोंद आहे.

संशोधक म्हणून हे मला जास्त टोचलं. माझ्या डेटामध्ये ‘खातं आहे’ हा स्तंभ होता, त्यात १ किंवा ०. आईने विचार करून, कंपनी निवडून, दरमहा दहा पौंड टाकलेलं खातं १. आणि कुणाला पत्ताच नाही असं खातंही १. ओक्लाहोमाने दाखवलं की परिणाम माहीत असण्यातून येतो, आणि माझ्या स्तंभात ‘माहीत आहे’ ही गोष्टच नव्हती. हा फरक आकड्यांत दिसत नाही. तो २००४ च्या कायद्यातल्या एका कलमात दिसतो.

तुमच्यासाठी

अमेरिकेत जुलै २०२५ च्या कायद्याने आता अशीच खाती आली आहेत. १ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२८ दरम्यान जन्मलेल्या आणि अमेरिकी नागरिक असलेल्या मुलांना सरकारचे १,००० डॉलर. यात तिकडच्या मराठी घरांतली मुलंही येतील. पुढे कुणीतरी ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीच्या मुलांची तुलना करायला निघेलच. पण तिथे १ जानेवारीला करवर्ष बदलतं, आणि डिसेंबरमध्ये मूल झालं तर त्या वर्षाची करसवलत पूर्ण मिळते. या सवलतीसाठी काही जन्म जानेवारीतून डिसेंबरात सरकतात हे डिकर्ट-कॉनलिन आणि चंद्रा यांनी १९९९ मध्येच दाखवलं आहे. तारीख वेगळी, सापळा तोच.

आणि आपल्या घरचं उदाहरण. महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरांत जन्मलेल्या मुलींना टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये मिळायचे आहेत, त्यातले ७५ हजार १८ व्या वर्षी. हे गुंतवणूक खातं नाही, थेट रक्कम आहे. पण १८ वर्षं थांबण्याचा प्रश्न तोच. पहिल्या मुली १८ वर्षांच्या होतील २०४१ मध्ये. तोवर किती घरं गाव सोडून शहरात जातील, किती मुलींची शाळा बदलेल, किती मोबाइल नंबर बंद होतील? तुमच्यापैकी कुणी या विषयावर काम करणार असेल, तर २०४१ ची वाट बघू नका. आत्ता, मुली लहान असताना, किती आयांना योजना माहीत आहे हे नोंदवून ठेवा. ब्रिटनमध्ये मला हीच नोंद हवी होती.

माझ्यापुरतं सांगायचं तर सिनॉप्सिस मी पुन्हा लिहिला. १ सप्टेंबरची तुलना त्यात आता आहे, पण चुकीच्या आराखड्याचं उदाहरण म्हणून. मुख्य प्रश्न ३१ जुलै आणि १ ऑगस्ट २००३ च्या सीमेवरचा आहे. दुसरं प्रकरण, म्हणजे इतिहासाचं, मी सगळ्यात आधी लिहायला घेतलं. पुढच्या सादरीकरणात मॅडमनी ते वाचून एवढंच विचारलं, “१ ऑगस्टला काय सुरू होतं, ते बघितलंस ना?”

या वेळी मी बघून गेले होते.